रोबो, लॅप्रोस्कोपी की ओपन? आधी ‘दुर्बीण’ कोणती ते विचारा

ताई, तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकदा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६६ वर्षांचे, प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी, ११.८. बायॉप्सीत ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक याची प्रत, ३+४. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला गाठ दिसते आणि ती ग्रंथीच्या आवरणाला टेकलेली आहे. ग्रंथी साधारण ६० ग्रॅमची. ६ वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं जाळी बसवून ऑपरेशन झालं, २ वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट बसला. पुण्यातले एक सर्जन रोबो म्हणतात, दुसरे लॅप्रोस्कोपी, आणि साताऱ्यातले तुमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, ‘कशाला नाद करता, ओपनच बरं.’ रोबो आणि लॅप्रोस्कोपी यांच्या खर्चात दोन लाखांचा फरक. वर तुम्ही विचारलंय की शेजारच्या काकांचं प्रोस्टेट दुर्बिणीतून काढलं, तिसऱ्या दिवशी ते घरी आले, पोटावर एक टाकासुद्धा नाही, मग बाबांचं तसं का नाही?

काकांपासूनच सुरुवात करू, कारण ओपीडीत निम्मा वेळ याच गोंधळात जातो. आपल्याकडे ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक दुर्बीण लघवीच्या मार्गातून आत जाते. वयानुसार वाढलेल्या, कॅन्सर नसलेल्या प्रोस्टेटसाठी ती असते. तिच्यातून टीयूआरपी (विजेच्या तारेने आतून खरवडणं) करा नाहीतर लेसर वापरा, काम एकच: मोसंबीचा गर काढायचा, साल जागेवर ठेवायची. लघवीची वाट मोकळी होते आणि माणूस दोन-तीन दिवसांत घरी जातो. पाट्यांवर लिहितात ते ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ हेच. दुसरी दुर्बीण पोटातून आत जाते. कॅन्सर बहुतेक वेळा मोसंबीच्या सालीत, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या भागात असतो. त्यामुळे तिथे गर काढून भागत नाही. सालीसकट अख्खं फळ, त्याला चिकटलेल्या वीर्याच्या पिशव्या, हे सगळं काढून मूत्राशयाचं तोंड पुन्हा लघवीच्या नळीला शिवावं लागतं. याला रॅडिकल प्रोस्टेटेक्टमी म्हणतात. काकांचं ऑपरेशन आणि बाबांचं ऑपरेशन यांत नावाखेरीज सारखं फारसं काही नाही.

जाता जाता सांगतो, हा गोंधळ शंभर वर्षांहून जुना आहे. पीटर फ्रेयर नावाचे आयरिश सर्जन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करून लंडनला परतले. १९०० च्या सुमाराला ते मूत्राशय उघडून बोटाने प्रोस्टेट सोलून काढू लागले आणि ‘संपूर्ण प्रोस्टेट काढली’ असं ठासून सांगू लागले. साल तर आतच राहते, असं म्हणत बाकीचे सर्जन त्यांच्यावर तुटून पडले. खरोखर सालीसकट ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन कॅन्सरसाठी १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी केलं.

आता ग्रंथी काढायचीच का, हा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाहीत, पण मला तो टाळता येणार नाही. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांवर प्रोटेक्ट नावाचा अभ्यास झाला. एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त नियमित लक्ष. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास, जवळजवळ सारखंच निघालं. त्यातले बरेचसे रुग्ण तुमच्या वडिलांपेक्षा सौम्य आजाराचे होते, म्हणून ‘नुसतं बघत राहू’ असं मी त्यांना सांगणार नाही. पण काही महिन्यांची हार्मोनची औषधं आणि रेडिएशन हा त्यांच्यासाठी तोडीस तोड पर्याय आहे, विशेषतः स्टेंट असताना. मी सर्जन आहे. माझ्याकडे आलेल्या माणसाला ऑपरेशनच सुचणार, हे गृहीत धरा आणि रेडिएशनच्या डॉक्टरांची एक भेट घ्या. त्यांच्याकडून आल्यावरही ऑपरेशनच हवं असं बाबांना वाटलं, तर पुढचं वाचा.

तिन्ही पद्धतींत आत जे घडतं ते एकच असतं. बदलतं ते दार आणि हातातलं हत्यार. ओपनमध्ये बेंबीखाली आठ-दहा सेंटिमीटरचा छेद घेऊन, आतड्यांची पिशवी (आतड्यांभोवतीचं पातळ अस्तर) न उघडता, सर्जन जघनहाडाच्या मागे उतरतो. तिथे शिरांचं एक जाळं असतं. एकेकाळी त्यातून इतकं रक्त जायचं की बरेच सर्जन हे ऑपरेशन टाळत. अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी त्या शिरा बांधायची रीत बसवली आणि १९८२ मध्ये लिंगाच्या ताठरतेच्या नसा ठरवून वाचवत पहिलं ऑपरेशन केलं. आज रोबोवर आपण जे करतो त्याचा नकाशा त्यांचाच आहे. लॅप्रोस्कोपीत पोटात गॅस भरून पाच-सहा छोट्या छिद्रांतून काम होतं. अमेरिकेतल्या पहिल्या गटाने १९९७ मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव छापला आणि यात काही विशेष फायदा नाही असं म्हणून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये गियोनो आणि व्हालान्सियँ यांनी त्याची नीट पद्धत बसवली. खरी अडचण शेवटच्या शिवणीत येते. वाकत नसलेल्या लांब काड्यांनी, खोल ओटीपोटात, मूत्राशय नळीला गोल शिवायचं. चाळणीच्या भोकांतून काड्या घालून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कल्पना येईल.

रोबोने हीच अडचण सोडवली. हत्यारं मनगटासारखी वळतात, चित्र त्रिमिती आणि दहापट मोठं दिसतं, हाताची थरथर गाळली जाते. रोबो स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत काही फुटांवर यंत्रात डोकं घालून बसलेला असतो आणि त्याची बोटं हलतील तशीच आतली हत्यारं हलतात. भारतात शिकून अमेरिकेत गेलेले मणी मेनन यांनी २००० नंतर डेट्रॉइटमध्ये या ऑपरेशनला आजचं रूप दिलं. ते मुळात ओपन सर्जन. पॅरिसच्या मंडळींना बोलावून त्यांनी लॅप्रोस्कोपी सुरू केली, पण ती हाताला जुळेना, म्हणून रोबोकडे वळले. हे सांगतो अशासाठी की यंत्र मुळात सर्जनची अडचण दूर करायला आलं. रुग्णाला त्याचा लाभ होतो, पण त्या सर्जनच्या मार्फत.

लाभ किती, ते मोजलेलं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून काहींचं ओपन आणि काहींचं रोबोने ऑपरेशन केलं. रक्तस्राव ओपनमध्ये सरासरी १३०० मिलिलिटरच्या पुढे, रोबोत ४५० च्या आत. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता बारा आठवड्यांनी पाहिली, नंतर दोन वर्षांनी पाहिली, दोन्ही गट सारखे. जर्मनीत रोबो आणि लॅप्रोस्कोपी यांची अशीच तुलना झाली. तीन महिन्यांनी लघवीवर ताबा आलेले रोबोत शंभरात ५४, लॅप्रोस्कोपीत ४६. म्हणजे फरक आहे, पण दोन लाख रुपये आणि जाहिरातीतली चमक पाहून वाटतो तेवढा नाही.

याहून मोठा फरक कशाने पडतो? लॅप्रोस्कोपीने ऑपरेशन झालेल्या ४७०२ रुग्णांचा, २९ सर्जनांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. पाच वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता, सर्जनने आधी १० ऑपरेशनं केली असतील तर १७ टक्के, २५० केली असतील तर १६, आणि ७५० केली असतील तर ९. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा घशाखाली घास उतरला नव्हता, कारण मी स्वतः तेव्हा दहा ते अडीचशेच्या मधे कुठेतरी होतो. माझी पहिली लॅप्रोस्कोपिक रॅडिकल सात तास चालली. शिवणीच्या शेवटच्या दोन टाक्यांना दीड तास. रुग्ण बरा झाला, पण त्याचा कॅथेटर (लघवी बाहेर काढायला घातलेली रबरी नळी) आठवड्याऐवजी तीन आठवडे ठेवावा लागला. त्याला मी आधी सांगितलं होतं का की माझं हे पहिलं आहे? ‘आमची टीम अनुभवी आहे’ असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पुरेसंही नव्हतं. त्याच अभ्यासात आणखी एक गंमत आहे. आधी ओपनमध्ये मुरलेले सर्जन लॅप्रोस्कोपीला आले तेव्हा त्यांचे निकाल कोऱ्या पाटीने आलेल्यांपेक्षा वाईट होते. तेव्हा ‘सरांना तीस वर्षांचा अनुभव आहे’ हे ऐकून थांबू नका. या पद्धतीने, हेच ऑपरेशन, किती वेळा?

आता बाबांच्या शरीराकडे येऊ. पद्धत निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो, आणि तुमच्या तिन्ही डॉक्टरांच्या मतांत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

पहिली गोष्ट जाळी. दुर्बिणीतून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनात जाळी नेमकी त्याच जागेत बसवतात, जिथून प्रोस्टेटकडे जायचं असतं: पोटाची भिंत आणि मूत्राशय यांच्या मधली, जघनहाडामागची पोकळी. सहा वर्षांत ती भिंतीला आणि मूत्राशयाला घट्ट चिकटते. ओपन ऑपरेशनही याच पोकळीतून जातं. त्यामुळे ‘ओपनच बरं’ हा सल्ला एरवी वाईट नसला तरी बाबांच्या बाबतीत उलटा पडू शकतो. लॅप्रोस्कोपी आणि रोबोतही दोन वाटा आहेत. एक, आतड्यांच्या पिशवीबाहेरून. जुन्या पोटाच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेल्यांना ही वाट सोयीची, पण जाळीने नेमकी तीच बंद केलीय. दुसरी, पिशवीच्या आतून. बाबांसाठी हीच. काही सर्जन अशा रुग्णांत मूत्राशय पुढून न सोडवता त्याच्या मागून, गुदाशयाच्या बाजूने ग्रंथीपर्यंत जातात. इटलीतल्या बोकियार्दी यांनी २०१० मध्ये ही रीत मांडली. पुढचे आधार शाबूत राहतात म्हणून लघवीवरचा ताबा पहिल्या काही आठवड्यांत लवकर येतो, आणि जाळीला फारसा हात लावावा लागत नाही. मात्र मागून जागा अरुंद असते, सराव नसलेल्याने प्रयोग करायची ती जागा नव्हे. गाठ ग्रंथीच्या पुढच्या अंगाला असेल तर ती मागे राहून जायची भीतीही असते. बाबांची गाठ डावीकडे, पण पुढे की मागे, हे एमआरआयच्या रिपोर्टमध्ये बघा.

हर्नियाचं ऑपरेशन जर जांघेत बाहेरून छेद घेऊन झालं असेल, तर वरच्या परिच्छेदातली बरीचशी चिंता कमी होते. जाळी तेव्हा बाहेरच्या थरात असते.

दुसरी गोष्ट स्टेंट. २ वर्षं झालीत, म्हणजे ऑपरेशनला अडथळा नाही. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी बहुधा चालूच ठेवतात. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी काहीही बंद करू नका. कमी रक्त जाण्याचा फायदा अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त. पोटातल्या गॅसचा दाबच बारीक शिरांचं झिरपणं थांबवतो, त्यामुळे हा फायदा लॅप्रोस्कोपी आणि रोबो दोन्हींत मिळतो.

पण त्या गॅसची दुसरी बाजू आहे, आणि ती माहितीपत्रकात नसते. या दोन्ही ऑपरेशनांत रुग्णाला डोकं खाली, पाय वर असं तिरपं झोपवतात, रोबोत तर पंचवीस-तीस अंशांपर्यंत, आणि तेही दोन-चार तास. आतडी छातीकडे सरकतात, फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते, कार्बन डायऑक्साइड रक्तात वाढतो, हृदयावर ताण येतो, डोळ्यांतला दाब चढतो. बाबा विडी-सिगारेट ओढत होते का? जिना चढताना धाप लागते का? काचबिंदू आहे का? हे तुम्ही लिहिलेलं नाही. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची चाचणी आणि डोळ्यांचा दाब तपासून भूलतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय मी तारीख देत नाही. फुप्फुसं फारच कमजोर असलेल्या एका आजोबांचं गेल्या वर्षी मी ओपन केलं. मुलाला वाटलं, डॉक्टर मागासलेले आहेत. ज्याला अर्धा तास सपाट झोपता येत नाही त्याला तिरपं उलटं झोपवून कसं चालेल?

तिसरी गोष्ट नसा. डावीकडची गाठ आवरणाला टेकलीय म्हणजे त्या बाजूची नस वाचवायचा अट्टहास केला तर कॅन्सर मागे सुटू शकतो. उजवीकडची वाचवता येईल. हा निर्णय आजाराने घेतलेला आहे, रोबो आणला म्हणून डावी नस वाचत नाही. ‘रोबोमुळे सगळं पूर्ववत होईल’ असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. ऑपरेशनआधी ताठरता कशी आहे, हे बाबांना एकट्यात विचारलं गेलं पाहिजे. मुलीसमोर, सुनेसमोर ते बोलणार नाहीत, आणि मग घरचे ‘आता या वयात काय’ म्हणून परस्पर निकाल लावतात. ६६ व्या वर्षी तो निकाल त्यांचा त्यांनी लावायचा.

खर्चाचं थोडक्यात. रोबोची हत्यारं ठरावीक वेळा वापरली की यंत्रच ती स्वीकारत नाही, नवीन आणावी लागतात. शिवाय यंत्राची किंमत आणि देखभाल. त्या दोन लाखांतला बराच भाग तिकडे जातो, सर्जनच्या खिशात नाही. आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था. तिच्या २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य विम्यातून रोबोटिक सर्जरी सरसकट वगळता येत नव्हती, पण कंपनीला तिच्यावर मर्यादा घालता येत होती. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ या मथळ्याखाली किती रक्कम आहे ते पाहा आणि टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) मंजुरी लेखी घ्या. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळायची ही गोष्ट नाही. आणि छेदाबद्दल: रोबोतही ६० ग्रॅमची ग्रंथी शेवटी बाहेर यावीच लागते. बेंबीजवळचं छिद्र तीन-चार सेंटिमीटर वाढवून ती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढतात.

मग माझं मत? बाबांचं हृदय-फुप्फुस तिरपं झोपणं झेपणारं असेल, तर पिशवीच्या आतून रोबोने, आणि जाळी असलेले रुग्ण आधी केलेल्या सर्जनकडून. चिकटलेली जाळी सोडवताना आणि नंतर शिवताना वळणारं मनगट खरंच कामाला येतं, म्हणून इथे मी दोन लाखांना ‘वाया’ म्हणणार नाही. पण पुण्यातले लॅप्रोस्कोपीवाले सर्जन जर हे ऑपरेशन आठवड्याला करत असतील, आणि रोबोवाल्यांनी यंत्र येऊन सहाच महिने झाले असतील, तर मी माझ्या वडिलांना लॅप्रोस्कोपीवाल्यांकडे नेईन. त्यासाठी कर्ज काढायचीही गरज पडणार नाही.

दोघांनाही समोर बसून विचारा. गेल्या वर्षी या पद्धतीने किती रॅडिकल केल्या? कॅन्सर ग्रंथीच्या आतच असलेल्या रुग्णांत कडा पॉझिटिव्ह किती आल्या, म्हणजे कापलेल्या काठावर कॅन्सर किती जणांत दिसला? वर्षानंतर किती जणांना पॅड लागतो? यंत्रावर स्वतः बसणार की शिकाऊ सहकारी काही भाग करणार? मधेच ओपन करावं लागलं तर तेही तुम्हीच करणार का? विचारताना संकोच वाटेल, वाटू दे. चांगला सर्जन चिडत नाही. आकडे तोंडपाठ नसले तरी ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि सांगतो. ‘आमच्याकडे शंभर टक्के यश’ म्हणणाऱ्याकडून चहा पिऊन या.

घाईचं कारण नाही. बायॉप्सीनंतरची सूज उतरायला सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेच लागतात. या काळात ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, कॅथेटर निघाल्यावर शिकायला बसलं तर उशीर होतो. ऑपरेशननंतर कॅथेटर आठ-दहा दिवस राहील. तो निघाल्यावर लघवी गळेल, पहिले काही आठवडे तर नक्कीच, आणि बाबा वैतागतील. पॅड आधीच आणून ठेवा, म्हणजे त्यांना कोणाला सांगावं लागणार नाही. सहा आठवड्यांनी पीएसए जवळजवळ शून्यावर आलेला दिसला पाहिजे.

आणि आजच एक काम करा. सहा वर्षांपूर्वीचं हर्नियाचं डिस्चार्ज कार्ड कपाटातून शोधून काढा. त्यात टीईपी किंवा टीएपीपी लिहिलं असेल तर जाळी आतून बसवलीय. नुसतं ‘मेश हर्नियोप्लास्टी’ असेल तर त्या सर्जनना फोन करून दुर्बिणीतून केलं होतं की जांघेत छेद घेऊन, एवढं विचारा. कार्ड सापडलंच नाही तर बाबांचं पोट बघा: जांघेत दोन्ही बाजूंना लांब व्रण, की बेंबीच्या आसपास दोन-तीन टिकल्यांएवढे?